आधी पोट, मग डोळे

आमच्याकडे लाकडी बैलाचे डोळे सगळ्यात शेवटी काढतात. अंगाला पांढऱ्या रंगाचा हात बसतो, शिंगं रंगतात, पाठीवरच्या झुलीची वेलबुट्टी होते, खूर काळे होतात, पण डोळ्यांची जागा कोरी राहते. बैल ज्या घरचा, त्या घरचं माणूस समोर येऊन बसलं की मग मी बारीक कुंचली हातात घेते. आणि त्याच्याही आधी डावा तळहात बैलाच्या पोटाखाली घालते. हे वळण माझ्या सासऱ्यांनी लावलेलं. "आधी पोट, मग डोळे," ते म्हणत. रंगानं बैलाचं तोंड बदलतं, पाठ बदलते, पोटाचं लाकूड बदलत नाही. पोट हाताला ओळखू आलं की बैल कोणाचा ते कळलं. आणि एकदा डोळे उघडले की तो त्या घरचा झाला. मग तो दुसऱ्या घरी जात नाही.

त्या दिवशी पोळ्याचा आदला दिवस होता, खांदमळणीचा, बैलांचे खांदे तूप-हळद लावून मळायचा. आमच्या हिंगणीतली माणसं आपले खरे बैल धुवायला नदीवर घेऊन चालली होती. मी शेडमध्ये मधुकररावांच्या बैलाजवळ बसले आणि पोटाखाली हात घातला.

तो बैल मधुकररावांचा नव्हता.

मधुकररावांच्या बैलाच्या पोटात एक गाठ निघून गेलेली आहे. घडवतानाच सासऱ्यांनी तिथं बाभळीचा तुकडा बसवला होता. भेगांमध्ये कितीही लांबी भरा, कितीही रंग द्या, त्या तुकड्याची कड बोटाला लागतेच. मी हात मागे नेला, पुढे नेला. सगळं सपाट. बैल उचलून पाहिला तर तो जड होता, नव्या सागवानासारखा. उलटा करून नाक लावलं तर ताज्या लाकडाचा वास आला.

"काय झालं आजी?" आचलनं विचारलं. आचल माझी नात. कॉमर्स शिकलेली, आणि आमच्या कामाचा फोन, फोटो, ऑर्डरी सगळं तीच पाहते.

"हा त्यायचा नाई."

"कोणाचा?"

"मधुकररावचा बैल हा नाई, आचल. हा नवा आहे. पुलगाववाल्यायचा."

तिच्या हातातला फोन तसाच राहिला. पुलगावच्या प्रफुल आणि दिपाली यांनी नवा बैल मागवला होता, आणि त्यांच्या घरी बैल जाऊन काही दिवस झाले होते. म्हणजे तिकडे गेला तो मधुकररावांचा. त्याचे डोळे मी माझ्याच हातानं उघडले होते.

हे किती मोठं आहे ते सांगायला हवं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. पोरं आपापल्या घरचा चाकांवरचा लाकडी बैल ओढत तोरणाखाली नेतात, मग घरोघरी फिरून बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. सागवानाचा चांगला बैल तीन पिढ्या टिकतो. म्हणजे एका घरात तो एकदाच विकला जातो. नुसते बैल विकून सुताराचं घर चालत नाही. ते दर वर्षी रंगायला परत येतात म्हणून चालतं. आषाढात लोक आपल्या आजोबा-पणजोबांचा बैल आमच्या शेडमध्ये आणून ठेवतात आणि निघून जातात. पावती मागत नाहीत. आमच्याजवळ दुसरं काही नाही, एवढंच आहे.

आणि मधुकररावांचा बैल सगळ्यांत पुढचा. सेलूला त्यांची आडत आहे. तान्ह्या पोळ्यात त्यांचा बैल ओळीच्या डोक्याला उभा राहतो. तो आमच्याकडे येतो म्हणून त्यांच्या गल्लीतले सगळे येतात. त्यांनी जर म्हटलं की अन्नपूर्णाबाईनं माझा बैल हरवला, तर पुढच्या आषाढात शेडमध्ये मी आणि पालीच राहू.

चूक कशी झाली ते मला तिथं बसल्या बसल्या सगळं दिसायला लागलं. आधी मी प्रत्येक बैल काचेच्या तुकड्यानं खरवडायची. महिनाभर तेच काम. खरवडता खरवडता बैलाची प्रत्येक चीर हाताखालून जायची. आचलनं फोनवर फोटो टाकायला लागल्यापासून नव्या बैलांच्या ऑर्डरी वाढल्या. मग घासायला मशीन आणली, मशीनवर तानबाला ठेवलं. मशीन चांगलीच चालते, पण ती मऊ करते सगळ्यांना सारखंच. माझे यजमान असताना त्यांनी नव्या बैलांना सासऱ्यांचाच फर्मा, मापाचा साचा, ठेवला होता, तोच आम्ही पुढे चालवला. लांबी आणि पांढरा हात बसला की जुना कोणता, नवा कोणता, डोळ्याला कळत नाही. ओळखीसाठी प्रत्येकाच्या गळ्यात त्या त्या घरची चिंधी बांधलेली असते. चिंध्या त्या काळच्या, जेव्हा मला अक्षर येत नव्हतं. पुढे आचलच्या पहिलीच्या पुस्तकावर मी लिहायला शिकले, पण चिंध्या तशाच राहिल्या. रंगाच्या वेळी त्या सोडून बैलाच्या पायाशी ठेवतो. तानबानं बैल उन्हात काढले, पुन्हा आत ठेवले, आणि चिंध्या अंदाजानं ठेवल्या.

पण चिंधीवर मी कधी विसंबले नव्हते. त्या दिवशी फोन होता. दूरच्या लोकांना समोर बसता येत नाही म्हणून आचल फोनवर त्यांना दाखवते आणि मी डोळे काढते. पुलगावची मंडळी फोनमध्ये दाटीवाटीनं बसली होती, टाळ्या वाजवत होती. "आजी, जरा इकडं तोंड करा!" दिपाली म्हणाली, मी तोंड केलं. सगळे पाहत आहेत म्हणून मी सरळ कुंचली उचलली. पोटाखाली हात घातला नाही.

"आजी," आचल हळूच म्हणाली, "एकाच फर्म्याचे आहेत. रंग सारखा. तू याचेच डोळे काढून दे त्यायले. कोणाले समजते?"

मी तिच्याकडे पाहिलं. तिचं म्हणणं खरं होतं, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. कोणालाच समजलं नसतं. मला मात्र दर आषाढात ते खोटं पोट हाताला लागलं असतं.

तेवढ्यात फोन वाजला. आचलनं स्पीकर लावला.

"अन्नपूर्णाबाई, मधुकरराव बोलून राह्यलो. नातू आला पुण्याहून. उद्यापर्यंत काही दम निघत नाई त्याले. आज दुपारूनच येतो बैल न्याले. झाला ना?"

आचल म्हणाली, "हाव आजोबा, या ना."

फोन बंद झाला तसं मी उठले. पायात चप्पल नीट जाईना.

"गुलाबले बोलाव," मी म्हटलं. "पुलगावले जाऊ."

गुलाब आमच्या शेजारचा, त्याची जुनी व्हॅन आहे. नवा बैल आम्ही मागच्या सीटवर आडवा ठेवला, वर चादर टाकली. मी रंगाची पेटी मांडीवर घेतली. तानबाला सांगितलं, मधुकरराव आले तर बसव, चहा दे, बाकी काही बोलू नको.

"काकू, याले तिकीट लागन का हाफ?" गुलाब हसत म्हणाला. मी हसले नाही तसा त्यानं आरशातून पाहिलं आणि गाडी काढली.

सेलूत गाडीला गर्दी लागली. बाशिंगं, गोंडे, घुंगरमाळांची दुकानं रस्त्यावर आलेली. आणि मधुकररावांच्या आडतीसमोरच आमची व्हॅन अडकली. ते पायरीवर उभे होते. त्यांनी गुलाबला पाहून हात वर केला.

"थांबू का जरा?" गुलाबनं विचारलं.

"नोको."

"अव काकू, मोठा माणूस आहे, हात दाखवून राह्यला..."

"गुलाब, थांबू नोको म्हटलं ना!"

मी मान खाली घातली, पदर पुढे ओढला. मागे चादरीतून बैलाचं एक शिंग बाहेर आलं होतं. ते झाकायला हात मागे न्यावा तर दिसेल, न न्यावा तर शिंग दिसेल. मी तशीच बसून राहिले. समोरचा ट्रॅक्टर हलला आणि गाडी पुढे गेली. वर्धा येईपर्यंत मी पदर मागे घेतला नाही.

आचलनं दिपालीला एवढंच कळवलं होतं की आम्ही येतो आहोत. तिला आनंद झाला. "आजी स्वतः येऊन राह्यल्या! मी फोटो टाकते!" असं तिनं लिहिलं, आणि आमच्या शेडच्या नावासह बैलाचा फोटो पुन्हा एकदा टाकला. आचलनं तो मला दाखवला. फोटोत मधुकररावांचा बैल होता, गळ्यात हार, कपाळाला कुंकू. मी फोन उलटा करून सीटवर ठेवला. सेलूत कोणाच्या हातात फोन नाही?

पुलगावला त्यांचं घर स्टेशनच्या पलीकडे आहे. बैल बैठकीतच होता, चौरंगावर. प्रफुलची लहान मुलगी आकांक्षा त्याच्या तोंडापुढे कडब्याचे तुकडे ठेवत होती. तिचा हा पहिलाच तान्हा पोळा. कोपऱ्यात दिवाणावर प्रफुलची आई बसली होती, रुख्मिणीबाई. दिपालीनं पाणी आणलं. पाणी प्यायलं की बोलता येणार नाही असं वाटलं, म्हणून मी पेला हातात धरूनच बोलले.

"हा बैल तुमचा नाई. माझ्या हातून चूक झाली. सेलूच्या एका घरचा, त्यांच्या आजोबाच्या वेळचा बैल आहे हा. तुमचा गाडीत आहे."

मग प्रफुल म्हणाला, "म्हणजे? आम्हाले कोणाचा जुना बैल देला तुम्ही?"

"दिला. चुकून."

"बरं झालं सांगितलं. मीही लिहितो ना मंग फोनवर. कारागिराले स्वतःची वस्तू ओळखू येत नाई, हे लोकायले समजू द्या."

आचल म्हणाली, "दादा, प्लीज, असं नका करू." त्यानं जे म्हटलं तेच मी सकाळपासून मनात म्हणत होते.

"थांब रे तू," रुख्मिणीबाई म्हणाल्या. "बाई, तुम्हीच सांगितलं ना आम्हाले, डोळे उघडले की तो या घरचा?"

"सांगितलं."

"परत जात नाई म्हणाल्या?"

"म्हटलं."

"मंग आता काऊन न्याले आल्या?"

"तो आधीच दुसऱ्या घरचा होता. मी पोट पाह्यलं नाई."

"कसं मानू? सारे सारखेच दिसतात."

मी त्यांना खाली बसायला सांगितलं. त्यांचा हात धरून बैलाच्या पोटाखाली नेला. बाभळीच्या तुकड्याची कड माझ्या बोटाला लागली, मग त्यांच्या. इतक्या वेळानं तो तुकडा हाताला लागला तेव्हा मला रडूच येणार होतं. रुख्मिणीबाईंनी बोट तिथंच दोनदा फिरवलं. मग गाडीतला नवा बैल आणवला, त्याच्या पोटाखाली हात घातला, आणि उठून पुन्हा दिवाणावर बसल्या.

"न्या," त्या म्हणाल्या. "पण असा नाई. पूजा झाली त्याची. उघड्या डोळ्यानं तो आमच्या घरून नाई जाणार. तुम्ही उघडले, तुम्हीच मिटा. आमच्यासमोर."

आमच्या घरात बैलाचे डोळे कोणी कधी मिटले नव्हते. सासऱ्यांनी नाही, माझ्या यजमानांनी नाही. मी फक्त माणसाचे डोळे मिटले आहेत, आणि ते यजमानांचेच. मला वाटलं, हे मी केलं तर काहीतरी होईल. काय होईल ते सांगता येत नव्हतं. पेटीचं झाकण उघडताना ते खाली पडलं, केवढा तरी आवाज झाला.

मी पांढऱ्या रंगात कुंचली बुडवली आणि उजवा डोळा पुसून टाकला. मग डावा. काळा रंग खालून दिसतच राहिला, म्हणून दुसरा हात द्यावा लागला. बैल पुन्हा कोरा झाला.

"तो झोपला का?" आकांक्षानं विचारलं.

"हाव बाई," रुख्मिणीबाई म्हणाल्या. "झोपला. तुहा आता उठन."

मग नवा बैल चौरंगावर ठेवला. मी पोटाखाली हात घातला. पोरीचाही हात घेऊन घातला. तिला गुदगुल्या झाल्यासारखं हसू आलं. मी डोळे काढायला घेतले. एक काळी रेघ गालावर उतरली, ती चिंधीनं पुसली. झाले तेव्हा एक डोळा दुसऱ्यापेक्षा लहान होता.

"लहान झाला एक," रुख्मिणीबाई म्हणाल्या.

"झाला. पुन्हा काढू का?"

"राहू द्या. हरवला तर ओळखू येईन."

प्रफुल तेवढ्यावर हसला, पण फोनवर लिहील की नाही ते त्यानं सांगितलं नाही. आम्ही विचारलंही नाही. आम्ही दारातून निघताना दिपालीनं तो जुना फोटो फोनवरून काढून टाकला, तेवढं आचलनं पाहिलं.

परतीच्या वाटेवर मी मधुकररावांचा बैल मांडीवरच घेऊन बसले. त्याच्या कोऱ्या डोळ्यांवरचा रंग ओला होता, म्हणून चादरही टाकता येईना. सेलूत पोचलो तर आडतीला कुलूप. "गेले वाटते तुमच्याकडेच," गुलाब म्हणाला.

शेडसमोर त्यांची गाडी उभी होती. मधुकरराव खाटेवर बसले होते, शेजारी त्यांचा मुलगा भूपेंद्र आणि पुण्याचा नातू. चहाचे कप रिकामे पडले होते. मी बैलासकट खाली उतरले. त्यांनी बैल पाहिला, मग मला पाहिलं.

"माझा बैल कोठी गेलता?"

"आजोबा, चाकं बदलायला..." आचलनं सुरुवात केली.

"नाई," मी म्हटलं. "पुलगावले गेलता. दुसऱ्याचा म्हणून मी त्याले देऊन टाकला होता. डोळे उघडून. आज मिटून आणला."

बैल खाली ठेवला. मी जमिनीवरच बसले. भूपेंद्र म्हणाला, "बाबा, मी तुम्हाले सांगितलं होतं, आता यायच्याकडं काही..." मधुकररावांनी हात वर करून त्याला थांबवलं. ते उठले, वाकले, पोटाखाली हात घातला. बराच वेळ हात तिथंच ठेवला. मग एक बोट बैलाच्या डोळ्यावर टेकवलं. बोटाला पांढरा रंग लागला. तो त्यांनी शेडच्या खांबाला पुसला. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

"वाळू द्या," ते म्हणाले आणि पुन्हा खाटेवर बसले.

दिवस कलेपर्यंत ते बसून होते. मी समोर, मध्ये बैल. नातू कंटाळून गाडीत जाऊन झोपला. शेवटी ते म्हणाले, "उघडा."

पांढरा पूर्ण वाळला नव्हता. काळा त्यावर फुटला आणि डोळे धुरकट झाले, मोतीबिंदू आल्यासारखे. मी घाबरून त्यांच्याकडे पाहिलं.

"म्हातारा झाला," ते म्हणाले. "माझ्यावानी."

बैल गाडीत चढवून झाल्यावर मी हिंमत करून विचारलं, "पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी पाहू."

ते वर्ष मी कसं काढलं ते माझं मलाच माहीत. तान्ह्या पोळ्यात तोरणाखाली मधुकररावांनी सगळ्यांना गोष्ट सांगितली म्हणे, "आमचा बैल पुलगावले हवा खायला गेलता." लोक हसले. कोणाचं हसू कसलं होतं हे मला कळायला मार्ग नव्हता. सेलूचा माणूस बाजारात भेटला की मी दुसऱ्या बाजूनं जायची. आचलनं न सांगता ऑर्डरी कमी केल्या. "जेवढे तुझ्या हातून खरवडून होतील तेवढेच," ती म्हणाली. जुन्या बैलांना मशीन लावायची नाही असं ठरलं. तानबा ती फक्त नव्यांवर चालवतो. प्रफुलनं फोनवर काही लिहिलं नाही, पण आचल रोज उघडून पाहायची, आणि मी तिचं तोंड पाहायची.

आषाढ लागला. काही घरांचे बैल आले, काहींचे आले नाहीत. ज्या जागी मधुकररावांचा बैल ठेवायचो ती जागा मी झाडून ठेवत होते. दुसरा बैल तिथं ठेवायची हिंमत होत नव्हती.

मग एका सकाळी त्यांची गाडी आली. भूपेंद्रनं बैल खाली ठेवला. मी नेहमीप्रमाणे बैल आत न्यायला पुढे झाले, तसे मधुकरराव म्हणाले, "आत नाई. इथंच. माझ्यासमोर खरवडा."

ते खाटेवर बसले. मी काचेचा तुकडा घेतला. मागच्या वर्षीचे धुरकट डोळे आधी खरवडले, मग मान, मग पाठ. ते पाहत होते. संध्याकाळी त्यांनी बैल गाडीत घातला आणि घरी नेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आणला. काम होईपर्यंत तसंच. बैल त्यांनी माझ्याकडे एकदाही मुक्कामाला ठेवला नाही. त्यांचं पाहून गल्लीतले बाकीचेही तसंच करायला लागले. आता आषाढात आमची शेड माणसांनी भरलेली असते. कोणी सुपारी कातरतं, कोणी कापसाचे भाव बोलतं, आणि सगळ्यांची नजर माझ्या हातावर असते. दिवसाला काम कमी होतं. पण बैल येतात.

डोळे काढायची वेळ झाली की मी कुंचली उचलते, आणि मधुकरराव खाटेवरून विचारतात, "पोट पाह्यलं का?"

"पाह्यलं," मी म्हणते. आणि कुंचली खाली ठेवून पुन्हा एकदा हात घालते. बाभळीची कड बोटाला लागेपर्यंत मी डोळ्यांना हात लावत नाही.